आधी सांगा, मागे कोण बसणार?

पत्र आलंय पिंपळगाव बसवंतहून. लिहिणारे द्राक्ष निर्यातदार आहेत, वय बावन्न. पत्र चार पानी, त्यामुळे इथे सारांशच देतो:

“आमच्याकडे २०१६ ची इनोव्हा क्रिस्टा आहे, अडीच लाख किलोमीटर झाली. आठवड्यातून एकदा न्हावा-शेवा किंवा वाशी, येऊन-जाऊन साडेचारशे किलोमीटर होतात. ड्रायव्हर आहे. मी मागे बसतो, फोनवर असतो, परतताना कंबर धरते. आता एक चांगली गाडी घ्यायची ठरवलंय, सगळं धरून ९५ लाखांपर्यंत, फार तर एक कोटी. मुलगा म्हणतो बीएमडब्ल्यू ५ सिरीज, तिचा पिकअप जास्त. मला मर्सिडीज ई-क्लास आवडते. मेव्हणे म्हणतात आपल्या रस्त्यांना एसयूव्हीच पाहिजे. सीए म्हणतात फर्मच्या नावावर घ्या, टॅक्स वाचेल. आई ७८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, तीही कधीमधी सोबत असते. दोन्ही गाड्यांचे फीचर मी वहीत लिहून काढलेत, तरी निर्णय होत नाही. पेट्रोल की डिझेल तेही सांगा.”

नमस्कार साहेब,

तुमची वही मी वाचली. बारा रकाने केलेत. स्पीकर किती, स्क्रीन किती इंची, शून्य ते शंभर किती सेकंदांत. एक रकाना मात्र राहिला, तो म्हणजे कोण कुठे बसणार. तो भरला असता तर निम्मी वही खोडता आली असती. चला, आता भरू.

तुम्ही मागे बसता. हे तुमचंच वाक्य आहे. मग पिकअपचं काय करायचं? ५ सिरीजमध्ये आपल्याकडे येते ती ५३०एलआय: दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २५८ हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन-मीटर टॉर्क, शून्य ते शंभर साडेसहा सेकंदांत. ई-क्लासमधली ई-२०० पेट्रोल २०४ हॉर्सपॉवरची, तिला साडेसात सेकंद लागतात. डिझेल ई-२२०डीला ७.६. म्हणजे चिरंजीवांचं बरोबर आहे, एका सेकंदाने बीएमडब्ल्यू पुढे. पण तो सेकंद ड्रायव्हरच्या उजव्या पायाखाली आहे, तुमच्या कमरेखाली नाही. शिवाय तुम्ही जाता समृद्धीवरून. इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि तुमचा कसारा घाट सुटला. तिथे वेगाची मर्यादा ताशी १२०. दोन्ही गाड्या तो वेग गाठतात तेव्हा इंजिन अर्धवट झोपेत असतं. आणि आमण्याच्या पुढे कंटेनरच्या रांगेत उभं राहायचं, तिथे ३८१ हॉर्सपॉवरची ई-४५० आणि तुमची इनोव्हा यांत काही फरक उरत नाही. फरक उरतो तो सीटचा.

दोन्ही गाड्या लांबवलेल्या आहेत, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर वाढवून मागे पाय पसरायला जागा केलेली. मर्सिडीजने हा प्रकार ई-क्लासमध्ये आपल्याकडे २०१७ मध्येच आणला होता. बीएमडब्ल्यूने ५ सिरीज लांब करून जुलै २०२४ मध्ये आणली. नवी ई-क्लास आली त्याच वर्षी ऑक्टोबरात. बीएमडब्ल्यूचा व्हीलबेस, म्हणजे हेच चाकांतलं अंतर, ३१०५ मिलिमीटर, मर्सिडीजचा ३०९४. शोरूममधला पोरगा हे अकरा मिलिमीटर तुम्हाला फार रंगवून सांगेल. तुमच्या करंगळीची रुंदी त्याहून जास्त असेल.

खरा फरक पाठीत आहे. ई-क्लासच्या मागच्या सीटची पाठ बटणावर ३६ अंशांपर्यंत मागे कलते, मांडीखालचा भाग पुढे सरकतो. मागच्या दारावरच्या बटणाने पुढची डावी सीट तुम्ही स्वतःच पुढे ढकलू शकता. ५ सिरीजची मागची सीट गुबगुबीत आहे, मांडीला आधार छान आहे, पण तिची पाठ कलत नाही. कंपनीने ज्या कोनात बसवली त्याच कोनात तुम्ही वाशीहून पिंपळगावपर्यंत यायचं. कंबर धरणाऱ्या माणसासाठी तुलना खरं तर इथेच संपते. बाकी ई-क्लासमधले बर्मेस्टरचे सतरा स्पीकर आणि ५ सिरीजमधले बॉवर्स अँड विल्किन्सचे अठरा, यावर वाद घालायला मुलगा आहेच.

गंमत म्हणून एक सांगतो. ई-क्लासमध्ये डॅशबोर्डवर पुढच्या डाव्या प्रवाशासाठी वेगळा पडदा दिलाय. तुमच्यासारखा मालक मागे बसून ती सीट पुढे सरकवणार, म्हणजे त्या पडद्यासमोर कुणीच नसणार. तुमच्या वहीत त्याला दोन गुण दिलेत, ते काढा.

आता मुलाची बाजू. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की रविवारी सकाळी कधी कधी तुम्ही स्वतःच गाडी काढून सापुताऱ्याकडे जाता. हे ‘कधी कधी’ म्हणजे वर्षातून चारदा की महिन्यातून चारदा? महिन्यातून चारदा असेल तर माझा सल्ला बदलतो. ५३०एलआय इतकी लांब असूनही वळणावर अंग चोरत नाही, स्टिअरिंग हातात बोलतं, आणि पडद्याला हात न लावता मेनू फिरवायचा गोल नॉब तिने अजून शाबूत ठेवलाय. ई-क्लासमध्ये बहुतेक सगळं पडद्यावर बोट टेकवून. बीएमडब्ल्यू स्वस्तही आहे. आली तेव्हा एक्स-शोरूम ७२.९ लाख, तर ई-२०० ७८.५ आणि ई-२२०डी ८१.५ लाख. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची रचना बदलली, अशा सेडानवरचा २८ टक्के अधिक २० टक्के सेस जाऊन सरळ ४० टक्के झाला, तेव्हा सगळ्यांच्याच किमती काही लाखांनी उतरल्या. मी हिशेब मूळ किमतींवर करतोय, कारण तुलनेसाठी तेवढं पुरतं. आजचा आकडा दोन्हीकडून कागदावर घ्या, तोंडी नको.

ऑडी ए६ तुम्ही वहीत घेतलीय. तिची जुळणी होते आपल्या छत्रपती संभाजीनगरात, गाडी गोड आहे, पण तिचा व्हीलबेस २९२४ मिलिमीटर. मागे पाय पसरायचेत म्हणून गाडी घेणाऱ्याने तिकडे जाऊ नये. लेक्सस ईएस शांत आहे, हायब्रिड असल्याने शहरात ॲव्हरेजही देते, पण तिथेही मागची जागा या दोघींइतकी नाही.

मेव्हण्यांचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही. फक्त ते रस्त्यांबद्दल बोलतायत आणि मला आईंची काळजी वाटते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सेडानमध्ये बसताना आधी खाली जावं लागतं, मग आत, मग पाय उचलून. उतरताना तेच उलट, आणि तेव्हा सगळा भार गुडघ्यावर. इनोव्हात त्या बाजूला वळून सरळ टेकतात, कारण सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला आहे. पाऊण कोटीची सेडान या एका बाबतीत तुमच्या दहा वर्षं जुन्या इनोव्हाशी हरते. याला इलाज फीचरमध्ये नाही. आईंना शोरूममध्ये न्या, चहा घ्या आणि त्यांना स्वतःहून दोनदा बसू-उतरू द्या. हात धरू नका, सेल्समनलाही धरू देऊ नका. दुसऱ्यांदा उतरताना त्यांनी दाराची चौकट पकडली, की तुमचं उत्तर मिळालं.

मग एसयूव्ही घ्यायची का? तुमच्या पैशांत बीएमडब्ल्यूची नवी एक्स३ येते. जानेवारी २०२५ मध्ये आली तेव्हा पेट्रोल ७५.८ आणि डिझेल ७७.८ लाख होती. आई सहज बसतील, पण मागची सीट तुमच्या कमरेला ई-क्लाससारखं सुख देणार नाही. मोठी एक्स५ किंवा मर्सिडीजची जीएलई घ्यायची तर कोटीच्या आसपास एक्स-शोरूमच जाते, वर टॅक्स. मला यापेक्षा साधा मार्ग दिसतो: इनोव्हा विकू नका. एजंट तुम्हाला तिचे चांगले पैसे सांगतील, मोहात पडू नका. ती आईंची गाडी होऊ द्या. बागेवर जायला, पॅकहाउसला, लग्नकार्याला तीच. नवी गाडी फक्त हायवेची. याचं आणखी एक कारण आहे, ते डिझेलपाशी सांगतो.

त्याआधी वर्कशॉपबद्दल. ई-क्लास चाकणला जुळते म्हणून पार्ट पिंपळगावला दुपारपर्यंत येईल असं समजू नका. मर्सिडीजची पुण्याशी जुनी ओळख आहे. १९९५ मध्ये पहिली ई-क्लास जुळली ती पिंपरीत, टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात, आणि २००९ पासून कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला आहे. बीएमडब्ल्यू चेन्नईजवळून येते. पण कारखाना जवळ असणं वेगळं आणि तुमच्या गाडीचा टायर वर्कशॉपच्या फळीवर असणं वेगळं. एका मित्राची अशीच एक महागडी सेडान (कंपनीचं नाव राहू द्या) मी सिन्नरच्या बाजूला चालवत होतो. पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. टायरची कड फाटली. मापाचा टायर यायला चार दिवस लागले, तोवर गाडी एका ढाब्याच्या मागे म्हशींच्या शेजारी उभी. मित्राने आजवर मला दुसरी गाडी दिलेली नाही. तेव्हा बुकिंगच्या आधी विचारा: स्टेपनी मिळते का, मिळते तर पूर्ण मापाची की बारीक, डिकीत ठेवली तर बॅगांना जागा उरते का, आणि या मापाचे टायर नाशकात कायम असतात का. विमा घेताना झिरो-डेप (घसारा न कापता भरपाई) बरोबर इंजिन आणि टायरचं कव्हर जोडा. सखल पुलावर पाणी शिरून गाडी बंद पडली तर ड्रायव्हरने पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, हे त्याला आत्ताच बजावून ठेवा. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग बिलाचा आकडा तुमच्या एखाद्या कंटेनरच्या भाड्याशी स्पर्धा करतो.

आणि ते स्पीडब्रेकर. तीन मीटरहून लांब व्हीलबेस आणि बसकी गाडी, म्हणजे पुढची चाकं उतरली आणि मागची चढायची बाकी, त्या क्षणी पोट घासतं. शहरातले ब्रेकर ठीक असतात, पण आपल्या गावांत पोरांनी रात्रीतून मुरूम टाकून केलेले असतात. टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. डेमो गाडी पिंपळगावला बोलवा. पाऊण कोटीचं गिऱ्हाईक आहात, येतील. गाडीत चार माणसं बसवा आणि तुमच्या बागेच्या वाटेवर न्या. तुम्ही मागे बसा आणि ड्रायव्हरला नेहमीसारखी चालवू द्या, सेल्समनला नाही.

आता पेट्रोल की डिझेल. ५३०एलआय पेट्रोलच आहे, त्यामुळे प्रश्न ई-क्लासपुरता. ई-२२०डी मूळ किमतीत ई-२०० पेक्षा तीन लाखांनी महाग. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या खाजगी गाडीला पेट्रोलवर १३ टक्के मोटार वाहन कर, डिझेलवर १५. म्हणजे साधारण १०.२ लाख विरुद्ध १२.२ लाख. एकूण पाच लाखांचा फरक. तुमचं रनिंग वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर धरलं, पेट्रोल गाडी लिटरला ११ आणि डिझेल १६ देईल असं मी धरतो, दर १०४ आणि ९१ रुपये. पेट्रोलचा खर्च २ लाख ३६ हजार, डिझेलचा १ लाख ४२ हजार. वर्षाला ९४ हजार वाचले. पाच लाख वसूल व्हायला पाच वर्षांहून जास्त लागतात. चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला मी डिझेल घे असं कधीच सांगणार नाही. पण तुम्ही इनोव्हा किती वर्षं वापरलीत? माणूस सवय बदलत नाही. नवी गाडीही तुम्ही आठ-दहा वर्षं ठेवणार, तेव्हा डिझेल घ्या. एका टाकीत न्हावा-शेव्याच्या दोन फेऱ्या आरामात होतील, ४४० न्यूटन-मीटरची ओढ खालूनच मिळते.

दोन गोष्टी मात्र तुमच्या जुन्या इनोव्हात नव्हत्या. एक, ॲडब्लू. हे युरियाचं द्रावण आहे, वेगळ्या टाकीत भरायचं असतं, धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मारण्यासाठी. संपत आलं की गाडी आधी बरेच दिवस बजावते, तरी ऐकलं नाही तर बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही. (बागेतला युरिया पाण्यात कालवून ओतू नका. हसू नका, असं विचारणारे फोन मला येतात.) दुसरी, काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर. ही काजळी जळायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. रोज घर ते पॅकहाउस पाच किलोमीटर करणाऱ्या डिझेल गाडीत तो तुंबतो. तुमची आठवड्याची समृद्धीची फेरी त्याला उत्तम औषध आहे, आणि रोजच्या पाच किलोमीटरसाठी इनोव्हा आहेच. मघाशी राहिलेलं कारण ते हे.

सीएंना माझा नमस्कार सांगा आणि एक आकडा त्यांच्यापुढे ठेवा. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर गाडी घेतली की मोटार वाहन कर सरसकट २० टक्के. ८१.५ लाखांवर ते होतात १६.३ लाख, तुमच्या नावावर १२.२. चार लाख तिथेच गेले. त्या बदल्यात काय मिळतं? दरवर्षी १५ टक्के घसारा आणि कर्जाचं व्याज खर्चात. जीएसटीचं क्रेडिट प्रवासी गाडीवर मिळत नाही, ते गृहीत धरू नका. पत्रावरून तुमची फर्म प्रोप्रायटरी दिसते. तसं असेल तर फर्म आणि तुम्ही कायद्याने एकच माणूस. गाडी स्वतःच्या नावावर पासिंग करून धंद्याच्या पुस्तकात दाखवता येते, घरच्या वापराचा वाटा सोडून. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर गणित वेगळं, तिथे सीए सांगतील तसं करा. मात्र घसारा धंद्याच्या उत्पन्नातून वजा होतो. तुमच्या स्वतःच्या बागेचं उत्पन्न मुळातच करमुक्त, तिथून वाचवायला काही नाही. बिलावर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने गोळा करायचा आयकर) लागेल, तो विवरणपत्रात तुमच्या खात्यावर जमा दिसतो. पुष्कळ लोक तो विसरतात.

इलेक्ट्रिकबद्दल विचारलं नाहीत, पण उल्लेख करतो. तुमच्या पैशांत ई-क्लासच्या तोडीची लांब इलेक्ट्रिक सेडान नाही. बीएमडब्ल्यूची लांब व्हीलबेसची आयएक्स१ जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना आली, कंपनीचा दावा एका चार्जमध्ये ५३१ किलोमीटरचा. तुमची साडेचारशेची फेरी एसी लावून, भरधाव, एका चार्जमध्ये होईल यावर मी पैज लावणार नाही. पण आई तिच्यात सहज बसतील हे मात्र खरं.

शेवटचा मुद्दा पैशांचा, आणि इथे मी थोडा स्पष्ट बोलतो. तुमचं पीक जानेवारी ते एप्रिलमध्ये निघतं आणि बँकेचा हप्ता बारा महिने येतो. शोरूमवाले ‘बायबॅक’ नावाची योजना पुढे करतील: हप्ता कमी, शेवटी एक मोठी रक्कम, नाहीतर गाडी परत. पगारदाराला ती जमते. ऑक्टोबरातल्या एका पावसाने ज्याची घडकूज होते त्याने शेवटच्या मोठ्या रकमेवर भरवसा ठेवू नये, तेही गाडी दहा वर्षं ठेवायची असताना. निम्म्याहून जास्त रक्कम कर्जाशिवाय भरता येत असेल तरच घ्या. सीझनचे पैसे हातात आल्यावर, एप्रिलमध्ये बुक करा. डिसेंबरात भाव पाडून देतात, पण ती गाडी पंधरा दिवसांनी कागदावर एक वर्ष जुनी होते. दहा वर्षं वापरणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, तेव्हा सूट घसघशीत असली तर डिसेंबरही चालेल. फक्त कोणत्या महिन्यात बनलीय ते चॅसिस नंबरवरून तपासा, आणि वाढीव वॉरंटी किती वर्षांपर्यंत मिळते ते लिहून घ्या. ती जिथे संपते तिथून पुढचं एकेक सेन्सर तुमच्या खिशातून येणार.

तर माझ्याकडून ई-२२०डी, तुमच्या स्वतःच्या नावावर, इनोव्हा राखून. रविवारचं सापुतारा महिन्यातून चारदा असेल तर ५३०एलआय, आणि मग कमरेसाठी उशी.

एक तेवढं राहिलं. ई-क्लास ५०९२ मिलिमीटर लांब आहे, ५ सिरीज ५१६५. तुमची इनोव्हा ४७३५. पोर्चमध्ये इनोव्हा लावल्यावर पुढे तुळशीवृंदावन आणि मागे गेट यांत किती जागा उरते ते पत्रात नाही. आज संध्याकाळी टेप लावून बघा.